‘स्पष्टवक्ता’ यांच्या ‘संधी मिळताच पत्ता बदला’ या सल्ल्याबद्दल

वालधुनीकाठ:

उल्हासनगर, भिवंडी, मालेगाव अशा शहरांत जन्म होणे आपल्या हाती नसते, मात्र शिकूनसवरून तिथेच राहणे आणि वर त्या शहराचा अभिमान मिरवणे हे न्यूनगंडाचे लक्षण आहे, असे ‘स्पष्टवक्ता’ यांनी परवा लिहिले. तरुणांनी संधी मिळताच पत्ता बदलावा, असा सल्लाही त्यांनी देऊन टाकला. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो, पण त्यांच्या लेखाखाली माना डोलावणाऱ्यांची रांग पाहून राहवले नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा.

मी उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये वाढलो आणि आजही तिथेच राहतो. ज्या गावाला आपण ‘डुप्लिकेट मालाचे गाव’ म्हणून हसता, ते दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत वसले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख माणसांना इथे आणून सोडले गेले आणि एकेका लांबलचक बराकीत गोणपाटाचे पडदे टांगून शेजारी शेजारी कुटुंबे राहिली. पडद्यापलीकडचे खोकणे, भांडण आणि बाळंतपणसुद्धा अलीकडे ऐकू येई, असे आमच्या घरमालकीणबाई सांगत. १९४९ साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते गावाला आजचे नाव मिळाले. हाती भांडवल नाही, जमीन नाही, आजूबाजूची भाषा परकी, अशा अवस्थेत या माणसांनी लोकलमध्ये फेरी करून किडूकमिडूक विकले आणि पुढे फर्निचरच्या, कापडाच्या, जीन्सच्या बाजारपेठा उभ्या केल्या. ‘मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद मी शाळेपासून ऐकतो आहे. तो सांगणाऱ्यांपैकी बरेच जण लग्नाचा बस्ता आणि दिवाणखान्यातला सोफा आमच्याकडूनच घेऊन गेलेले असतात.

शिव्या मीही देतो. पाच लाखांहून अधिक माणसे तेरा-एक चौरस किलोमीटरांत कोंबली की जे व्हायचे ते सगळे इथे झाले आहे. ज्या वालधुनीच्या काठी अंबरनाथला शके ९८२ मधले, म्हणजे इ. स. १०६० चे शिवमंदिर उभे आहे, तीच नदी आमच्यापर्यंत पोहोचता पोहोचता नाला होते. २०१४ साली तिच्यात कोणीतरी टँकरमधून रसायन सोडले आणि शेकडो माणसांना श्वास लागून रुग्णालयात न्यावे लागले. हे सगळे मान्य करूनही माझे म्हणणे एवढेच आहे की गावाच्या बदनामीचा खरा लाभ गाव बिघडवणाऱ्यांनाच होतो. आमच्या गल्लीतले गटार महिनाभर तुंबले, तेव्हा तक्रार घेऊन मी एका कार्यालयात गेलो होतो. टेबलामागच्या गृहस्थांनी अर्ज उलटासुलटा करून पाहिला आणि ‘उल्हासनगर आहे साहेब, इथे असेच चालायचे’ असे हसत सांगितले. ते हसू आणि आपला लेख यांत मला फारसा फरक दिसत नाही.

स्पष्टवक्ता:

लेख बहुधा अर्धाच वाचला गेला आहे, तरीही उत्तर देतो. बराकींचा इतिहास मला ठाऊक आहे आणि त्या पिढीपुढे मी नतमस्तक आहे. माझा आक्षेप पुढच्या पिढीने त्या कष्टांवर जे बांधले त्याला आहे, आणि ‘बांधले’ हा शब्द मी शब्दशः वापरतो आहे. उच्च न्यायालयाने एकाच शहरातल्या ८५५ अनधिकृत इमारती पाडायला सांगाव्यात आणि त्या वाचवण्यासाठी २००६ साली राज्याला त्या एका शहरापुरता वेगळा कायदा करावा लागावा, हे कोणत्या बदनामीमुळे झाले? हे आधी झाले आणि नाव नंतर खराब झाले.

माझ्या मावशीने आयुष्यभराच्या शिलकीतून तिथे घर घेतले. पावसाळ्यात छताचा गिलावा पलंगावर पडू लागला, तेव्हा सोसायटीच्या सभेत तिला सांगण्यात आले की असे प्रश्न सभेत विचारल्याने इमारतीचे नाव खराब होते आणि घरांचे भाव पडतात. आपला अभिमान नेमका इथे येऊन पोहोचतो. मावशी आता माझ्याकडे असते. पत्ता बदलण्याचा सल्ला मी घरात पाळून मग दिला आहे.

मोसमपूल:

लेखात मालेगावचेही नाव आहे, म्हणून लिहिणे भाग आहे. आमच्याकडे यंत्रमाग रात्रंदिवस चालतात, १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या विणकरांनी हा धंदा इथे रुजवला, आणि तुटपुंज्या पैशांत गावातल्या गावात चित्रपट काढणारी हौशी मंडळीही इथलीच. पण बाहेर विचाराल तर मालेगाव म्हणजे २००६ आणि २००८ चे बाँबस्फोट, बस्स. स्फोटात मेलेही आमचेच, आणि संशयाने पाहिले गेलेही आम्हीच. २००६ च्या प्रकरणात पकडलेल्या नऊ जणांना न्यायालयाने २०१६ साली दोषमुक्त केले. त्या बातमीने कोणाचे मत बदललेले मला तरी दिसले नाही. मुलाखतीला गेलो की पत्ता वाचून समोरचा क्षणभर थांबतो. तो क्षण ‘स्पष्टवक्ता’ यांनी कधी अनुभवला आहे काय? आणि हो, मी मराठी शाळेत शिकलेला, मोसम नदीच्या या बाजूचा, म्हणजे हिंदू वस्तीतला माणूस आहे. तरीही तो थांबतोच.

स्पष्टवक्ता:

मोसमपूल यांचे दुःख खरे आहे, पण त्यावरून माझाच मुद्दा सिद्ध होतो. पत्त्यामुळे नुकसान होते, म्हणून पत्ता बदला.

मोसमपूल:

म्हणजे भेदभाव करणारा जागच्या जागी राहणार आणि घर आम्ही हलवायचे. फारच न्याय्य तोडगा आहे, अभिनंदन.

बालाघाट:

चर्चा वाचतो आहे आणि बीडचा उल्लेख अजून कसा आला नाही याचे आश्चर्य करतो आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली, हा आकडा आमच्या कपाळावर बसला. तो खोटा नाही आणि त्याची लाज आम्हाला वाटलीच पाहिजे. डिसेंबर २०२४ मधल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर मात्र पुण्यात माझ्या पुतण्याला ‘बीडच्या मुलांना खोली देत नाही’ असे तोंडावर सांगितले गेले. आद्यकवी मुकुंदराजांचे अंबाजोगाई त्याच जिल्ह्यात आहे, परळीचे वैद्यनाथही तिथेच. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून जे ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्राची साखर गोड करायला निघतात, तेही आमचेच आहेत.

मूळ प्रश्न असा आहे की १९९५ साली मंजूर झालेल्या अहमदनगर–बीड–परळी मार्गावरून बीडपर्यंत रेल्वे यायला २०२५ चा सप्टेंबर उजाडावा लागला. तीस वर्षे रेल्वे नाही, म्हणून उद्योग नाहीत, म्हणून रिकामे हात, म्हणून गुंडगिरी. रेल्वेविषयी कोणी का बोलत नाही?

वालधुनीकाठ:

बालाघाट, आपली रेल्वे आली याचा आनंद आहे. आमच्याकडे ती ब्रिटिशांच्या काळापासून आहे आणि तरीही आम्ही बदनामच आहोत, तेव्हा हे सूत्र जरा तपासून पाहावे.

जीन्सवाली:

मी कॅम्प पाचची, आजोबा सिंधमधल्या सक्करचे. ८५५ इमारतींचा मुद्दा सगळ्यांनी निमूट गिळलेला पाहून बरे वाटले नाही. या घरांत राहणाऱ्यांनी ती बांधली नाहीत, विकत घेतली. खरेदीखत नोंदवले गेले, मुद्रांक शुल्क भरले गेले, घरपट्टीची पावती दरवर्षी येते, वीजमीटर आहे. इतक्या खिडक्यांवर पैसे घेतले गेले आणि एकाही खिडकीने ‘बाई, ही इमारत अनधिकृत आहे’ असे सांगितले नाही. मग एके दिवशी न्यायालयाच्या आदेशाची बातमी वर्तमानपत्रात येते आणि आपण आम्हाला ‘बेकायदा घरात राहणारे’ म्हणता. जमिनीच्या सनदेपासूनच, म्हणजे मालकीच्या सरकारी कागदापासूनच गोंधळ असलेल्या शहरात सामान्य माणसाने कागद तपासायचे तरी कोणाकडे?

जीन्सचेही तसेच. नदी निळी होत होती हे खरे, आणि न्यायालयाच्या आदेशानंतर धुलाईचे कारखाने बंद झाले ते योग्यच झाले. पण शिलाई करणाऱ्या बायकांचे कामही त्याबरोबर आटले, त्यांच्यात माझी आई होती. नदीसाठी लढणाऱ्यांना ती आजही चूक म्हणत नाही. त्यांच्यापैकी कोणी तिच्या गल्लीत विचारपूस करायला आले नाही, एवढेच म्हणते.

ओळंबा:

मी बांधकामाच्या तपासणीचे काम करतो, म्हणून थोडे कोरडे लिहितो. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन आठवड्यांच्या अंतराने दोन इमारतींत वरच्या मजल्याचा स्लॅब सुटला आणि खालचे स्लॅब घेत तळमजल्यापर्यंत आला. माणसे आपापल्या घरात बसलेली असताना गेली. १९९०च्या दशकात उलवा नावाची हलक्या प्रतीची रेती वापरून घाईघाईत उठवलेल्या इमारतींचा विषय तेव्हाच चव्हाट्यावर आला. हलकी रेती, कमी सिमेंट आणि वर न्हाणीघराची गळती असली की आतली सळई गंजते, गंजताना फुगते आणि खालचा काँक्रीटचा थर ढकलून देते. छताला सळईच्या रेषेत सरळ तडा दिसला आणि वाजवून पाहिल्यावर पोकळ आवाज आला, की गिलावा करून रंग देणे हा गुन्हा समजावा. आणि बहुतेक ठिकाणी नेमके तेच केले जाते.

जीन्सवाली यांच्या खिडक्यांच्या मुद्द्याशी मी सहमत आहे. पण दंड भरून इमारत नियमित झाली म्हणजे ती मजबूत झाली, असा समज मी स्वतः अनेक सोसायट्यांत पाहिला आहे. शिक्क्याने सळईचा गंज निघत नाही.

जीन्सवाली:

मग तपासणीचा खर्च कोणी द्यायचा? अहवालात ‘धोकादायक’ आले तर आम्ही जायचे कुठे? संक्रमण शिबिरात? आमचे आजोबा शिबिरातूनच आले होते, धन्यवाद.

स्पष्टवक्ता:

खर्च रहिवाशांनीच द्यायचा, दुसरे कोण देणार? सण-उत्सवांच्या मंडपांना वर्गणी निघते, मग छतासाठी का निघत नाही?

वालधुनीकाठ:

हे मात्र आता सहन होण्यापलीकडचे आहे. ठाण्यात, मुंब्र्यात, खुद्द मुंबईत इमारती पडल्या, तेव्हा तिथल्या मंडपांचा हिशोब कोणी मागितला होता? तिथे बिल्डरवर आणि पालिकेवर अग्रलेख येतात, आमच्याकडे पडली की रहिवाशांच्या संस्कारांवर येतात. मी पहिल्या परिच्छेदापासून नेमके हेच सांगतो आहे.

मावशींच्या सभेबद्दल मात्र आपण लिहिले ते खरे आहे आणि ते मला मुळीच आवडलेले नाही. आमच्या सोसायटीतही भाव पडतील म्हणून तपासणीचा ठराव दोनदा पुढे ढकलला गेला. आपल्याला या वाक्यावर खूश व्हायचे असेल तर व्हावे.

स्पष्टवक्ता:

खूश नाही. नोंद घेतली.

बालाघाट:

रेल्वेच्या मुद्द्यावर अजूनही कोणी उत्तर दिलेले नाही.

ओळंबा:

वालधुनीकाठ, ठरावाचा मसुदा असेल तर इथे टाका, तांत्रिक भाग पाहून देईन. सभेत ‘पाडणे’ हा शब्द पहिल्या पानावर आला की निम्मे सभासद उठून जातात, म्हणून आधी गळती आणि टाकीखालच्या खांबांची तपासणी मागावी. पुढचे अहवालच बोलेल. जीन्सवाली यांच्या खर्चाच्या प्रश्नाचे चांगले उत्तर माझ्याकडे नाही. घरटी रक्कम काढली तर ती स्पष्टवक्ता समजतात तितकी लहान नसते आणि सोसायट्या भासवतात तितकी मोठीही नसते.

जीन्सवाली:

मसुदा टाकलात तर आमच्या इमारतीसाठीही वापरीन. आणि स्पष्टवक्ता, मावशींना विचारा, त्यांचे घर रिकामे आहे की भाड्याने दिले आहे? भाडेकरू त्याच छताखाली झोपत असेल, तर तपासणीची पहिली वर्गणी आपल्याकडून यायला हरकत नसावी.