न उडणारी घार: ठेवायची की दयामरण द्यायचं?

रानपाखरू, नागपूर
संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी कडुनिंबाला उलटी लटकलेली घार अग्निशमनच्या जवानांनी सोडवून आमच्या उपचार केंद्रात आणली. नायलॉन मांजाने उजव्या पंखाचा पडदा आडवा चिरला होता. पडदा म्हणजे खांद्यापासून मनगटापर्यंत ताणलेली कातडी. तिच्याच काठाने जाणारा स्नायूबंध तुटला होता. जखम भरली, पण पंख पुरता उघडत नाही. पाच महिने झाले. मोठ्या पिंजऱ्यात एका दांडीवरून झेपावते, अर्ध्यात उजवीकडे कलते आणि जमिनीवर येते. मग चालत जाऊन पुन्हा दांडीखाली उभी राहते. डॉक्टर दयामरण म्हणतात. माझं मत: ठेवावी. नजर तीक्ष्ण आहे, खाणं उत्तम आहे. पंख माणसाने तोडला, आता जीवही माणसानेच घ्यायचा?

पशुवैद्य_विदर्भ
माझा विरोध आहे. खाते म्हणजे बरी आहे, असं नसतं. उडता न येणारा शिकारी पक्षी दिवसभर एकाच दांडीवर भार देऊन बसतो. तळपायाची कातडी गुळगुळीत होते, मग सूज, मग पू. तो संसर्ग हाडापर्यंत गेलेले पक्षी मी पाहिलेत. माणूस जवळ आला की जाळीवर धडका मारतात, पिसं मोडतात. ही घार अजून दहा वर्षं सहज जगेल. तेवढी वर्षं तिने हे सोसायचं? शिवाय पुढच्या संक्रांतीला तोच पिंजरा बऱ्या होऊ शकणाऱ्या पक्ष्याला लागणार आहे.

गच्चीवरून
सोडून का बघत नाही? बहिरी ससाणा असता तर बोललो नसतो, त्याला भरवेगात शिकार करावी लागते. घार कचराडेपोवरही पोट भरते. दिल्लीत वझीराबादला मोहम्मद सौद आणि नदीम शहजाद हे भाऊ वर्षानुवर्षं घारींवर उपचार करतायत. त्यांच्याकडे गच्चीवरचा पिंजरा वरून उघडा असतो, घार तयार झाली की स्वतःहून जाते.

रानपाखरू, नागपूर
दादा, छप्पर उघडं ठेवलं तरी तिथपर्यंत चढता यायला हवं ना! भांडेवाडीच्या डेपोवर शेकडो घारी आणि तेवढीच कुत्री. जमिनीवर उतरलेली घार झटकन उठली नाही तर संपली. असं सोडणं म्हणजे मरण आपल्या नजरेआड ढकलणं. ते मी करणार नाही.

येवलेकर
एका घारीवर पाच महिने? हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातोच. तुमचे हात तिथे लावा. आमच्याकडे संक्रांतीला तीन दिवस आभाळ दिसत नाही. शिवाय तो घारींच्या विणीचा काळ, घरट्यात अंडी नाहीतर पिल्लं. एक घार अडकली की घरटंही जातं.

काटेसावर
मांजाविरुद्ध लढायचंच, पण त्यासाठी समोरची घार मरू द्यायला नको. एक सुचवते. उन्हाळ्यात घरट्यातून पडलेली पिल्लं तुमच्याकडे येतातच. माणसाने भरवली तर माणसाळतात आणि सोडल्यावर लोकांच्या अंगावर येतात. मोठ्या घारीसोबत वाढली तर घारीसारखी वाढतात. हिला ते काम देऊन पाहा.

पशुवैद्य_विदर्भ
हे कारण मला पटतं. केवळ आपलं मन मानत नाही, हे पटत नव्हतं. पण चार अटी. दांड्या कमी-जास्त जाडीच्या, काथ्याने गुंडाळलेल्या हव्यात. नुसतं कापलेलं चिकन बंद. हाडा-पिसांसकट खाणं द्या, नाहीतर कॅल्शियम कमी पडतं. दर आठवड्याला तळपाय तपासा. आणि वनखात्याची लेखी परवानगी घ्या, वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीतला, म्हणजे संरक्षित पक्षी कायमचा ठेवणं आपल्या हातात नाही. तिने पिल्लांना जवळ घेतलं नाही तर?

रानपाखरू, नागपूर
तर तुमचं ऐकेन. मीच तिला धरून बसेन. सध्या दोन पिल्लं आहेत, डोक्यावर अजून लव आहे. सकाळी काथ्या आणते, वनखात्याला अर्ज देते. तळपायांचे फोटो रात्री टाकते.