गुडघ्यावर बसलेला तो माणूस: ठेवावा की काढावा?

शाल्मली: वॉशिंग्टनच्या लिंकन पार्कमधल्या मुक्ती स्मारकात गुलामांच्या मुक्तीची घोषणा करणारे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन ताठ उभे आहेत, एक हात पसरून. त्या हाताखाली एक कृष्णवर्णीय माणूस, अंगावर जेमतेम वस्त्र, एक गुडघा जमिनीवर. याचा पैसा कुणी दिला? गुलामीतून सुटलेल्या लोकांनी. शार्लट स्कॉट या बाईंनी स्वतंत्र झाल्यावरच्या पहिल्या कमाईतले ५ डॉलर देऊन वर्गणी सुरू केली. पुतळ्याचं रूप मात्र सेंट लुईसच्या गोऱ्यांच्या समितीने ठरवलं. माझं मत स्पष्ट आहे: हा पुतळा संग्रहालयात हलवावा. बॉस्टन शहराने आपल्याकडची याच पुतळ्याची प्रतिकृती डिसेंबर २०२० मध्ये काढली.

जुनाखोड: असहमत. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांनी हे उभारलं. पुतळा गेला की त्यांची वर्गणीही विस्मरणात जाणार. आणि शाल्मलीताई, नीट बघा, बेड्या तुटल्या आहेत, तो उठतो आहे. चेहराही कल्पनेतला नाही, मिसुरी राज्यात गुलामीतून पळालेल्या आर्चर अलेक्झांडरचा आहे.

शाल्मली: उठतो आहे हे कुणीतरी सांगावं लागतं, वाकलेला आहे हे लगेच दिसतं. १४ एप्रिल १८७६ च्या अनावरणात, राष्ट्राध्यक्ष ग्रँट समोर बसलेले असताना, स्वतः गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस म्हणाले की गोरे ही लिंकनची लेकरं, आम्ही फार तर सावत्र. थोड्याच दिवसांत त्यांनी वृत्तपत्राला लिहिलं: मरण्याआधी मला आमचा माणूस जनावरासारखा गुडघ्यावर नव्हे, माणसासारखा पायांवर उभा बघायचा आहे.

रानवाट: त्याच पत्रात डग्लसनी पाडा म्हटलेलं नाही. या बागेत आणखी एका स्मारकाला जागा आहे, असं सुचवलं. १९७४ मध्ये तिथे मेरी मॅकलाऊड बेथून उभ्या राहिल्या. गुलामीत जन्मलेल्या आईबापांची लेक, शाळा काढणारी बाई, पुढ्यात दोन मुलं. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेने हे घडवून आणलं. त्यासाठी लिंकनचा पुतळा फिरवून त्यांच्याकडे तोंड करून बसवला! दोन्ही एकत्र बघितले तरच ही गोष्ट पूर्ण कळते. एक हलवला तर दुसऱ्याचं उत्तर कशाला होतं, हे कसं कळणार?

जुनाखोड: अगदी हेच म्हणायचं होतं.

शाल्मली: बेथूनबाईंचा पुतळा मलाही फार मोलाचा वाटतो. पण डग्लसना हवा होता तसा माणूस त्या बागेत यायला ९८ वर्षं लागली. तेवढा काळ तिथल्या कृष्णवर्णीय मुलांनी एकच रूप पाहिलं. ठेवायचा असेल तर त्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय रहिवाशांना विचारून ठेवा. वर्गणी देणाऱ्यांना १८७६ मध्ये विचारलं नव्हतं.