ॲम्पेगच्या जुन्या बासचा पिकअप कुठंय?

प्रश्न: एका फोटोत ॲम्पेग या अमेरिकन कंपनीचा बास गिटार बघितला, डोकं व्हायोलिनसारखं गुंडाळलेलं, बॉडीत दोन एफ-होल (f आकाराची भोकं) तेही आरपार, पण पिकअप (तारांच्या कंपनाचा विद्युत सिग्नल करणारा भाग) कुठेच दिसेना. आवाज येतो कुठून?

प्रतिसाद: एईबी-१ मॉडेल असणार, १९६६ चा, न्यू जर्सीतला, डेनिस केगरचं डिझाइन. पिकअप ब्रिजखाली (तारा ज्यावर टेकतात त्या आधाराखाली) लपवलाय. ब्रिजचे पाय एका पातळ धातूच्या पडद्यावर टेकतात, तो थरथरला की खालच्या मॅग्नेट-कॉइलमध्ये सिग्नल तयार होतो, म्हणून तर गटच्या (आतड्याच्या) तारा लावल्या तरी वाजतो, साध्या मॅग्नेटिक पिकअपला त्या कळतच नाहीत. फार सुंदर कल्पना आहे ही!

प्रतिसाद: फ्रेटलेस (मानेवर धातूच्या पट्ट्या नसलेला) एयूबी-१ पण त्याच वर्षीचा, म्हणजे फेंडर कंपनीच्या १९७० च्या फ्रेटलेसआधी चार वर्षं. द बँड या रॉक ग्रुपच्या बासवादक रिक डँकोकडे ॲम्पेगचा फ्रेटलेस होता, ऐकाच.