मदत हवी आहे: १६७४ च्या ठाण्यात माझा नायक दहा दिवस आधी पोचतोय

नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहितोय आणि शेवटच्या टप्प्यावर अडकलोय. जाणकारांनी कृपया सुटका करावी.

नायक वागळे इस्टेटमधल्या एका बंद शेडमध्ये यंत्र बनवतो. यंत्र फक्त काळ बदलतं, जागा नाही, आणि एका दिवसानंतर परत खेचून आणतं. म्हणजे रायगडावर राज्याभिषेक बघणं शक्यच नाही. म्हणून त्याची इच्छा माफक आहे. ६ जून १६७४ ला पहाटे दोनला ठाण्यात उतरायचं, खाडीतून होडीने कल्याण गाठायचं आणि तिथल्या दुर्गाडी किल्ल्यावर तोफ उडाली तर ती ऐकायची. ठाणं तेव्हा पोर्तुगीजांकडे होतं, कल्याण मात्र महाराजांकडे. ठाण्याचा किल्ला कथेत नको म्हणून आधीच सावध होतो (आजच्या कारागृहाचा किल्ला बांधायला १७३० मध्ये घेतला). कौपिनेश्वराचं आजचं देऊळही १७६० चं, त्यामुळे ओळखीची खूण म्हणून एक मासुंदा तलाव ठेवलाय.

पहिल्याच पानावर लिहिलं होतं की येऊरच्या डोंगरावर कललेल्या चंद्राच्या उजेडात तलावाचं पाणी चमकत होतं. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, चंद्र असणारच. मग हौस म्हणून चंद्रकला दाखवणाऱ्या ॲपमध्ये ६ जून १६७४ टाकली, तर चक्क दुज-तिजेची कोर! ती तर संध्याकाळीच मावळते, पहाटे दोनला काळोख.

दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं. आपण पाठ केलेली ६ जून ही इंग्रजांच्या जुन्या ज्युलियन पंचांगातली तारीख, आणि ॲप आजचं ग्रेगोरियन कॅलेंडरच मागे ताणत नेतं. त्या हिशेबाने राज्याभिषेक १६ जूनला येतो. माझ्या नायकाचं यंत्रसुद्धा संगणकावरच चालतं, तेव्हा तो बिचारा दहा दिवस आधी उतरणार.

प्रश्न असे:
तारीख गुपचूप १६ जून करून टाकू, की चूक तशीच ठेवून कथा वळवू? ठेवली तर त्याला चूक कळणार कशी? तिथे कोणाच्या भिंतीवर कॅलेंडर आहे! आणि त्याच्या खिशात नाण्यांच्या प्रदर्शनातून घेतलेली एक शिवराई आहे, नावाड्याला द्यायला. ती चालेल ना?

प्रतिसाद १

अजिबात दुरुस्त करू नका, कथा इथेच आहे!

तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. पोर्तुगालने ग्रेगोरियन पंचांग १५८२ मध्येच स्वीकारलं, इंग्लंडने १७५२ मध्ये. म्हणजे तुमच्या नायकाने ठाण्यातल्या पाद्र्याला तारीख विचारली तर तो शांतपणे "६ जून" सांगेल. गडी खूश! त्याच वेळी मुंबईतल्या इंग्रजांच्या वखारीत २७ मे चालू असेल. त्याला खरं सांगेल ती फक्त तिथी.

आणि तिथी सांगायला ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला कोळी पुरे. आमच्याकडचा जुना हिशेब आहे, तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. त्रयोदशीला पावणेदहा. म्हणजे तुमचा नायक सकाळी सातला निघेल, वाढत्या पाण्यावर होडी मुंब्र्याच्या डोंगराखालून आपोआप वर जाईल, असा त्याचा बेत असणार. पण तिजेला भरती सव्वादोनला. सातला पाणी ओसरत असतं, आठ-सव्वाआठला तर काठाला नुसता चिखल. (खाडीच्या आत थोडं उशिराने होतं, पण गोष्टीला चालेल.) नावाडी हसेल आणि विचारेल, आज कोणती तिथी धरून आलास बाबा?

प्रतिसाद २

शिवराईबद्दल. "श्री राजा शिव" आणि मागे "छत्रपति" हा मजकूर असलेली नाणी राज्याभिषेकाच्या निमित्ताने पाडली असं मानतात. तुमचा माणूस दहा दिवस आधी आलाय. म्हणजे अजून जन्माला न आलेलं नाणं तो पोर्तुगीज हद्दीत नावाड्याच्या हातावर ठेवणार. बघा काय करायचं ते.

भाषा मात्र जपा. परवाच एका कथेत तेव्हाचा शिपाई "कृपया परवानगी दाखवा" म्हणाला, वाचवेना. त्या काळच्या दरबारी मराठीत फारसी इतकी मुरली होती की महाराजांना फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करून घ्यावा लागला. "दस्तक" म्हणू द्या त्याला.

धागाकर्ता

दोघांनाही साष्टांग दंडवत! चंद्र काढून टाकला. आता तो काळोखात ठेचकाळत खाडीपर्यंत येतो, पाद्र्याला तारीख विचारून निर्धास्त होतो आणि सकाळी गुडघाभर चिखलात उभा राहतो. कोळी नाणं उलटंपालटं करून बघतो. त्याला वाचता येत नाही, पण कल्याणहून मीठ न्यायला आलेल्या कारकुनाला येतं. "छत्रपति" हे अक्षर वाचून तो आधी इकडेतिकडे बघतो, मग नाणं मुठीत दाबून हळूच विचारतो, "हे ठरलं कधी?"

तोफ काही ऐकू येणार नाही त्याला. राहू दे. आता फक्त कोळ्याच्या तोंडची बोली तपासून द्यायला कोणी चेंदणी किंवा दिवाळे गावचं आहे का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, दोनच पानं आहेत.