मदत हवी आहे: एथिक्स कमिटीत वकील नाही, मृत्यूच्या एसएईवर (गंभीर प्रतिकूल घटनेवर) मत कसं द्यायचं?

नेफ्रोवाला (१९ जुलै)
नमस्कार. एका ट्रस्टच्या संशोधन रुग्णालयात मेडिकल डायरेक्टर, रिसर्च कम्प्लायन्स हे पद माझ्याकडे आहे. क्लिनिकल ट्रायलमधला एक रुग्ण दगावला. एसएई वेळेत कळवलाय. आता कमिटीने भरपाईच्या मतासह अहवाल पाठवायचा आहे, पण कायदेतज्ज्ञ सदस्यांनी राजीनामा दिल्यामुळे कोरम (गणपूर्ती) होत नाही. व्यवस्थापन म्हणतंय, आपल्या पॅनेलवरचे वकील घ्या, उद्या पत्र काढतो. चालेल का? हो की नाही एवढंच सांगा, वेळ नाहीये.

औषधशास्त्री
एवढ्या माहितीवर हो-नाही सांगता येणार नाही. मृत्यू कधी झाला? पीआयचा (मुख्य संशोधकाचा) अहवाल कमिटीला कधी मिळाला? सीडीएससीओच्या (केंद्रीय औषध प्राधिकरणाच्या) परवानगीची ट्रायल आहे की अ‍ॅकॅडमिक? २०१९ च्या क्लिनिकल ट्रायल नियमांत मुदती वेगवेगळ्या आहेत. पीआयने २४ तासांत केंद्रीय प्राधिकरण, प्रायोजक आणि कमिटी अशा तिघांनाही कळवायचं. प्रायोजक आणि पीआयचं विश्लेषण १४ दिवसांत प्राधिकरणाकडे आणि संस्थाप्रमुखांकडे. कमिटीचे ३० दिवस पीआयचा अहवाल तिला मिळाल्यापासून मोजायचे, मृत्यूच्या तारखेपासून नाही.

मोगरा
सीटीआरआयवर (ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत) नोंदणी झाली आहे ना? पहिला रुग्ण घेण्याआधी लागते. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी घेतच नाहीत.

नेफ्रोवाला
@मोगरा, सीटीआरआय आहे, तो प्रश्नच नाही.
@औषधशास्त्री, रेग्युलेटेड ट्रायल, सीटी-०६ (ट्रायलची परवानगी) हातात आहे. मृत्यू २ जुलै, कमिटीला अहवाल ३ जुलैला, १४ दिवसांची विश्लेषणं १५ तारखेला गेली. बैठक २९ ला ठेवली आहे.

औषधशास्त्री
म्हणजे २ ऑगस्ट शेवटची तारीख. २९ ची बैठक फार उशिरा होतेय. कमिटीने एखादा कागद मागितला तर तो यायलाच दोन-तीन दिवस जातात. २४-२५ ला घ्या.
१५ ला गेलेली विश्लेषणं डीनना पोचली का तेही बघा. नियमात संस्थाप्रमुख म्हटलंय, तुमचं कार्यालय नव्हे. डीनच्या आवक नोंदीचा शिक्का असलेली प्रत फाइलला लावा.

वाटाड्या
सोपा मार्ग सांगतो. ५० किमीच्या आतली दुसरी नोंदणीकृत कमिटी गाठा आणि मत तिच्याकडून घ्या. नियमातच तशी तरतूद आहे.

कायदेकानू
@वाटाड्या, ती तरतूद ज्या केंद्राला स्वतःची कमिटीच नाही त्याच्यासाठी आहे. शिवाय ती प्रोटोकॉलच्या (ट्रायलच्या आराखड्याच्या) मंजुरीबाबत आहे आणि जी कमिटी मंजुरी देते तीच त्या केंद्रावरच्या अभ्यासाला जबाबदार राहते. इथे मंजुरी यांच्या कमिटीची, देखरेख यांची, आणि मृत्यूवरचं मत मात्र परक्यांचं? तपासणीला आलेला अधिकारी पहिल्यांदा तेच विचारेल.

मूळ प्रश्नाबद्दल: पॅनेलवरचे वकील घेऊ नका. किमान सातांपैकी निम्मे तरी सदस्य संस्थेशी संबंध नसलेले हवेत. रुग्णालयाकडून फी घेणारा माणूस त्यात धरता येत नाही. आणि उद्या वारसांनी दावा केला तर हेच वकील रुग्णालयाच्या बाजूने उभे राहतील. भरपाईच्या मतावर त्यांची सही म्हणजे हितसंबंधांचा उघड संघर्ष. बाहेरचा वकील शोधा. त्याचा सीव्ही, संमतीपत्र, गोपनीयता आणि हितसंबंधांचं घोषणापत्र, जीसीपी (ट्रायल नीट चालवण्याचे निकष) प्रशिक्षणाचा दाखला हे सगळं बैठकीआधी हवं.

राजीनामा नेमका कधीचा? सदस्यत्वातला बदल ३० कामकाजाच्या दिवसांत प्राधिकरणाला लेखी कळवावा लागतो.

नेफ्रोवाला
राजीनामा ५ मेचा. कळवलेलं नाही, नवा माणूस मिळाला की दोन्ही एकदम कळवू असं ठरलं होतं.

कायदेकानू
मग ती मुदत जूनमध्येच संपली. आता नव्या माणसासाठी थांबू नका. राजीनाम्याचं पत्र आजच पाठवा, उशिराचं कारण एका ओळीत लिहा. नेमणुकीचं पत्र वेगळं जाऊ द्या. आणि मे ते जुलै दरम्यान बैठक झाली का?

नेफ्रोवाला
जूनमध्ये एक झाली. दोन अमेंडमेंट (प्रोटोकॉलमधले बदल) आणि एक नवी ट्रायल मंजूर केली. पण तो या धाग्याचा विषय नाही.

औषधशास्त्री
आहे, साहेब. कोरमला पाच जण लागतात: वैद्यकीय शास्त्रज्ञ (शक्यतो फार्मॅकॉलॉजीचा), क्लिनिशियन, कायदेतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी किंवा नीतितज्ज्ञ अशांपैकी एक, आणि सामान्य व्यक्ती. नुसती पाच डोकी मोजून भागत नाही, या पाचही जागा भरलेल्या हव्यात. वकिलाविना जूनचे तिन्ही निर्णय कोरमशिवायचे ठरतात. नव्या ट्रायलमध्ये रुग्ण घेणं ताबडतोब थांबवा, प्रायोजकांना लेखी कळवा, तिन्ही विषय पूर्ण कोरमसमोर पुन्हा ठेवा. जूनच्या मिनिट्सना (इतिवृत्ताला) हात लावू नका. नव्या बैठकीच्या मिनिट्समध्ये फेरविचाराचं कारण लिहा.

सीआरसी_ताई
बैठक प्रत्यक्षच हवी का? वकील मुंबईचे असतील तर व्हिडिओवर घेता येईल. कोविडच्या काळात आयसीएमआरने २०२० मध्ये ऑनलाइन बैठकांना मुभा दिली होती.

कायदेकानू
कोविडचं मार्गदर्शन आजही जसंच्या तसं लागू धरू नका. तुमच्या कमिटीच्या एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) ऑनलाइन उपस्थिती आहे का ते आधी वाचा. नसेल तर वकिलांना गाडी पाठवा.

शिरीषकाका
अशा पदाला पगार किती असतो? आमच्या भाच्याने एमडी फार्मॅकॉलॉजी केलंय.

सीआरसी_ताई
काका, वेगळा धागा काढा ना.
@नेफ्रोवाला, मृत्यू तुमच्याच रुग्णालयात झाला का? रुग्णाचं वय, आजार? तुमचा या ट्रायलशी काही संबंध?

नेफ्रोवाला
वय ४५, मधुमेहामुळे किडनीचा आजार, डायलिसिस नाही. घरी छातीत दुखलं, दुसऱ्या रुग्णालयात नेलं, तिथे गेला. शवविच्छेदन नाही. पीआय आमच्या विभागाचे, मी को-इन्व्हेस्टिगेटर (सहसंशोधक). शिवाय कमिटीचा मेंबर सेक्रेटरीही मीच.

औषधशास्त्री
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! मेंबर सेक्रेटरी संस्थेचाच असतो, त्यात गैर नाही. पण या विषयाच्या चर्चेत आणि मतदानात तुम्ही नको. सुरुवातीलाच हितसंबंध जाहीर करून खोलीबाहेर जा, आणि बाहेर गेल्याची व परत आल्याची वेळ मिनिट्समध्ये येऊ द्या. त्या विषयापुरतं सचिवाचं काम अध्यक्षांनी दुसऱ्या सदस्याकडे द्यावं, पत्रावर सही अध्यक्षांची. कोरममधला क्लिनिशियन तुम्हीच असाल तर तीही जागा रिकामी होते, दुसरा क्लिनिशियन आजच सांगून ठेवा.

त्या दुसऱ्या रुग्णालयाची केस समरी, ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी रक्तचाचणी), पोटॅशियम आणि मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र मागवा. किडनीच्या रुग्णात पोटॅशियमचा आकडा नसेल तर औषधाशी संबंध आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही.

वाटाड्या
भरपाईचं फार डोकं लावू नका. रुग्ण गंभीर होताच, जोखीम गुणक ०.५ धरा.

औषधशास्त्री
साफ चूक. ०.५ हा सहा महिन्यांहून जास्त आयुष्य अपेक्षित नसलेल्या रुग्णासाठी. १ म्हणजे ६ ते २४ महिने, २ मध्यम जोखीम, ३ सौम्य, ४ निरोगी स्वयंसेवक. आणि गुणक ट्रायलमध्ये घेतलं त्या दिवशीच्या प्रकृतीवर ठरतो, शेवटच्या दिवसाच्या नाही. स्क्रीनिंगचा ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचा आकडा) आणि हृदयविकाराचा इतिहास काढा. सूत्र: ८ लाख गुणिले वयाचा गुणक गुणिले जोखीम, भागिले ९९.३७. पंचेचाळिशीचा गुणक १६९.४४. जोखीम २ धरली तर सुमारे २७.२८ लाख, ०.५ धरली तर ६.८२ लाख. घरातल्या मागे राहिलेल्यांसाठी हा फरक किती मोठा आहे बघा. कमिटीने गुणक का निवडला ते दोन वाक्यांत लिहायलाच हवं. अंतिम आकडा प्राधिकरण ठरवतं, पण त्यांच्यापुढे तुमचं कारण असतं.

कायदेकानू
आणि "औषधाशी संबंध नाही" एवढं लिहून प्रकरण मिटत नाही. प्रोटोकॉलचं उल्लंघन, ट्रायलची एखादी प्रक्रिया, प्रोटोकॉलने सक्तीची केलेली सोबतची औषधं, उपलब्ध असूनही न दिलेले प्रमाणित उपचार, ही कारणंही भरपाईला पात्र आहेत. मिनिट्समध्ये प्रत्येकावर हो किंवा नाही असं लिहा. प्रोटोकॉलसाठी रुग्णाची आधीची रक्तदाबाची गोळी बंद केली होती का?

नेफ्रोवाला
वॉशआउटमध्ये (जुनी औषधं थांबवण्याच्या काळात) एक गोळी दोन आठवडे बंद होती, नंतर परत सुरू केली. बैठक २४ ला घेतोय. बाहेरच्या वकील बाईंशी बोललो, तयार आहेत, जीसीपीचा दाखला दोन वर्षांपूर्वीचा आहे. राजीनाम्याचं पत्र आज गेलं. नव्या ट्रायलमध्ये एकच रुग्ण घेतलाय, त्याचं काय करायचं?

औषधशास्त्री
औषधाचा पहिला डोस दिला का?