अनुभव धागा: वर्गातला प्रकल्प तुम्हाला काय शिकवून गेला?

नागपुरात बी.एड. करतेय. सूक्ष्म अध्यापन (छोट्या पाठांचा सराव) झालं, टाचणांच्या, म्हणजे पाठांच्या आखणीच्या वह्या भरल्या, आता शाळेत इंटर्नशिप सुरू आहे. मुलांकडून काही बनवून घेताना तुम्ही स्वतः काय शिकलात? छात्राध्यापकांनो, लिहा. माझ्यापासून सुरुवात करते.

पोळ्याच्या आधी सातवीला बडग्या करायला दिला. बाहेरच्यांसाठी सांगते: तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथल्या इतवारी-महालातून काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे बाईच्या रूपातल्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी 1881 पासूनची, असं सांगतात. सोबत बडगे असतात, म्हणजे लोकांना छळणाऱ्या गोष्टींचे पुतळे. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत ते नेतात आणि शेवटी जाळतात. माझ्या टाचणात उद्दिष्ट होतं 'प्रमाण': वहीतलं चित्र वीसपट मोठं करायचं. गणित बरं झालं.

पण कशाचा बडग्या, यावर वर्ग अडला. बहुमत गुटख्याला. एक मुलगा शेवटच्या बाकावरून म्हणाला, "मॅडम, माया बाबाचा पानठेला आहे न." सगळे गप्प. मी विषय बदलणारच होते, तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "मग तुया बाबाले काहून जाळू? पुडीले जाळू." पुढे वादच पेटला. विकणारा दोषी की खाणारा? बंदी असून पुडी येते कुठून? ठेल्यावर चहा ठेवला तर घर चालेल का? याचा हिशोब त्या मुलाइतका कोणालाच येत नव्हता. शेवटी पुडीला हातपाय फुटले आणि तिचे डोळे त्यानंच रंगवले. निरीक्षकांचा शेरा: 'वर्गनियंत्रण सुधारावे.' असो बाप्पा.

संत्रा_बर्फी: मी बोजाऱ्यावर सांख्यिकी घेतली. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोरं घरोघर जातात, त्यांना जो खाऊ-पैसा मिळतो तो बोजारा. पैसे कोणी सांगायचे नाहीत, फक्त किती घरं फिरलात आणि बैल किती उंच, एवढंच. अपेक्षा होती, मोठा बैल म्हणजे जास्त घरं. आलेख उलटा. मोठे बैल जड, पोरं दोन गल्ल्यांत दमतात! कारण मुलांनीच शोधलं, मी फक्त खडू धरून उभा.

जुनी_डी_एड_वाली: कौतुक पुरे झालं का? आमच्याकडे 'सर्जनशील प्रकल्प' म्हणजे आईनं रात्री जागून केलेलं मॉडेल. सुंदर मॉडेल आणणाऱ्या पोराला विचारा, एकही भाग सांगता येत नाही. मी आता सामान शाळेतच ठेवते, घरी काही न्यायचं नाही. वेडंवाकडं होतं, पण त्याचं असतं. इथून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर सेवाग्राम आहे. वर्ध्याला 1937 मध्ये गांधीजींच्या नई तालीमची, म्हणजे हातकामातून शिक्षणाची मांडणी झाली. हातानं काम करत शिकणं आम्ही परीक्षेत दहा गुणांना लिहितो आणि वर्गात आयतं चालवतो.

फुटाळा_काठी: गुटख्याचा बडग्या! पण प्राचार्यांनी परवानगी दिली कशी?

धागाकर्ती: मैदानात जाळायला नाही मिळाला. मुलांनी मोहल्ल्यातल्या बडग्यासोबत दिला.

फुटाळा_काठी: आणि पावसात कागद टिकला? आमचा दरवेळी लोळतो.

धागाकर्ती: मैद्याची खळ पातळ ठेवा. मोरचूद टाकतात काही जण, पण ते विषारी, पोरांच्या हाती नको. पहिला थर पंख्याखाली पूर्ण वाळल्यावरच दुसरा चढवा. आतला सांगाडा बांबूच्या कमच्यांचा, पुठ्ठ्याचा नको.