शुश्रूषेच्या नोंदींची परिभाषा एकच असावी का?

इन्चार्ज सिस्टर
गेल्या महिन्यात दुसऱ्या रुग्णालयातून आमच्या वॉर्डात आलेल्या एका आजींच्या कागदांवर 'बेडसोर रिस्क १५' एवढीच नोंद होती. बेडसोरचा, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांचा, धोका मोजणाऱ्या ब्रेडन मोजपट्टीवर ६ ते २३ गुण असतात आणि गुण जितके कमी तितका धोका जास्त, त्यामुळे तिथे १५ म्हणजे सौम्य धोका. वॉटरलो मोजपट्टीवर मात्र गुणांबरोबर धोका वाढत जातो आणि १५ गुणांचा रुग्ण 'जास्त धोका' या गटात मोडतो. कोणती मोजपट्टी वापरली होती, हे कुठेच लिहिलेले नव्हते. हाच आकडा उद्या आभा क्रमांकाला (रुग्णाच्या डिजिटल आरोग्य ओळख क्रमांकाला) जोडलेल्या नोंदीत पडद्यावर दिसला, तरी त्याचा अर्थ लागणार नाही.

प्रत्येक वैद्यकीय संज्ञेला ठरलेला कोड देणाऱ्या स्नोमेड सीटी या आंतरराष्ट्रीय परिभाषेचा भारत २०१४ पासून सदस्य आहे, ती देशात विनाशुल्क वापरता येते आणि तिचे काम पुण्याच्या सी-डॅककडे आहे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची आयसीएनपी ही शुश्रूषेची परिभाषाही आता स्नोमेडमध्येच मिळते. शब्द तयार असताना ते सक्तीचे का करू नयेत?

रात्रपाळी
माझा विरोध आहे. तीस रुग्णांमागे आम्ही दोघी असतो. पहाटे चारला यादी उघडली की जो पर्याय वर दिसतो त्यावरच बोट पडते. मोघम वाक्य वाचणारा निदान फोन करून विचारतो, पण चुकीच्या कोडवर शंका कोणी घेत नाही. शिवाय आपल्या उदाहरणात कमी होते ते मोजपट्टीचे नाव, आणि ते लिहिण्यासाठी कोड लागत नाही, सवय लागते.

इन्चार्ज सिस्टर
ती सवय मी अनेक वर्षे लावते आहे आणि कर्मचारी बदलले की ती जाते. कोड असला की मोजपट्टीचे नाव आकड्याला चिकटूनच पुढे जाते. दुसरे असे की डॉक्टरांचे निदान, औषधे आणि तपासण्या यांना कोड आहेत. आम्ही दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलतो, ते मात्र बिलात 'बेड चार्जेस'मध्ये विरून जाते.

नर्सिंगच्या वर्गातून
मी शिकवते, म्हणून एक अडचण सांगते. विद्यार्थिनी परीक्षेसाठी नांदाच्या, म्हणजे शुश्रूषा-निदानांच्या एका वेगळ्या परिभाषेच्या, शब्दांत केअर प्लॅन लिहितात आणि नोकरीला लागताच ते शब्द विसरतात. नांदा संगणक प्रणालीत घालायची तर परवाना घ्यावा लागतो. म्हणजे आपण शिकवतो एक आणि फुकट उपलब्ध आहे दुसरेच. सक्ती करायचीच असेल, तर पडण्याचा धोका, त्वचा, वेदना, इनटेक-आउटपुट (शरीरात गेलेल्या व बाहेर पडलेल्या द्रवाचे मोजमाप) आणि नळ्या-कॅथेटर एवढ्यापुरतीच करावी. कोड आत राहावा. पडद्यावर मात्र बेडसोर, शय्याव्रण किंवा प्रेशर इंज्युरी यांपैकी काहीही टाइप केले तरी तो एकाच ठिकाणी पोचावा.

रात्रपाळी
ही यादी मला त्वचेपर्यंत पटते, वेदनेशी अडते. ठणका, कळ, चमक आणि आग या चार वेगळ्या तक्रारी आहेत, आणि ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी ठणका असलेला रुग्ण व पोटरीत अचानक कळ आलेला रुग्ण दोघेही 'दहापैकी सात'च म्हणतात. पहिल्याला ठरलेले औषध पुरते, दुसऱ्यासाठी मी लगेच डॉक्टरांना उठवते. पुढच्या रुग्णालयाला फक्त सात पोचला, तर आपल्या आजींच्या १५ सारखेच झाले.

इन्चार्ज सिस्टर
हे मान्य. स्नोमेडमध्ये वेदनेच्या प्रकारांनाही कोड आहेत, पण पोटरीतली ती कळ आपल्याला खटकली का, हे त्यात मावणार नाही.

रात्रपाळी
मग कोडखाली एक मोकळी ओळ ठेवा, आणि नोंद पाठवताना प्रणालीने ती गाळता कामा नये. एवढे होणार असेल, तर यादीतल्या पाचही गोष्टींना माझी हरकत नाही.